घरात रातकिडे वाढले? फवारणीआधी ओल शोधा

पावसाळा सुरू झाला की दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच घरांत एकच तक्रार ऐकू येते. दिवे मालवले की धान्याच्या खोलीतून, मोरीच्या कोपऱ्यातून किंवा तळघरातून किर्र किर्र सुरू होते. उठून बॅटरी लावावी तर आवाज बंद. पुन्हा पाठ टेकली की पुन्हा सुरू. लहान मुले जागी होतात, म्हातारी माणसे वैतागतात. मग सकाळी शेतातल्या फवारणीतून उरलेली बाटली काढली जाते, पंपात थोडे औषध घातले जाते आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत मारले जाते.

हा लेख त्या बाटलीला हात लावण्याआधी वाचावा. रातकिडा माणसाला विषारी नाही, पण त्याच्यासाठी घरात मारलेले शेतीचे कीटकनाशक विषारी आहे. दुसरी बाब म्हणजे रातकिडे ज्या खोलीत वाढतात, त्या खोलीत ओल असते. तीच ओल तुमच्या धान्याचे आणि घरच्या बियाण्याचे नुकसान करते. ओल गेली की रातकिडे कमी होतात आणि धान्यही वाचते. म्हणून सुरुवात ओलीपासून करायची.

घरातला रातकिडा कसा ओळखावा?

घरात प्रामुख्याने दोन प्रकारचे रातकिडे दिसतात. पहिला फिकट, पेंढ्याच्या रंगाचा, अंगावर गडद आडवे पट्टे असलेला. हा भिंतीच्या भेगा, फरशीचे सांधे, चुलीमागची जागा अशा ठिकाणी राहतो. त्याचे शास्त्रीय नाव ग्रिलोडेस सिगिलेटस. याची मादी जवळजवळ पंखहीन असते, त्यामुळे अनेकांना ते झुरळाचे पिल्लू वाटते. दुसरा मोठा, चकचकीत काळा, पंखांच्या बुडाशी दोन पिवळसर ठिपके असलेला. त्याचे नाव ग्रिलस बायमॅक्युलेटस. हा मुळात शेतातला आणि बांधावरचा. दिव्याच्या उजेडाला येतो आणि दाराखालून आत शिरतो.

शरीरामागे सुईसारखा लांब अवयव दिसला तर ती मादी समजावी. तो डंख नाही, अंडी घालण्याचा अवयव आहे. ओलसर मातीत किंवा भेगेत तो खुपसून मादी अंडी घालते. फावड्यासारखे रुंद पुढचे पाय असलेला, मातीत बिळे करणारा कीटक दिव्याजवळ दिसला तर तो रातकिड्यांचा जमिनीत राहणारा नातलग आहे. तो घरात वस्ती करत नाही, झाडून बाहेर टाकला तरी पुरे. उन्हाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर झाडावरून भर दिवसा येणारा कर्कश आवाज मात्र वेगळ्याच कीटकाचा असतो. त्यासाठी घरात काही करण्याची गरज नाही.

आवाज बंद झाला म्हणजे रातकिडे गेले का?

नाही. रातकिड्यांत आवाज फक्त पूर्ण वाढलेला नर काढतो. पुढचे दोन पंख एकमेकांवर घासून तो मादीला बोलावतो. मादी आणि पिल्ले गप्प असतात. खोलीत एक नर ओरडत असेल तर त्याच्या आसपास न ओरडणारे किती आहेत, हे आवाजावरून कळत नाही.

त्यात तापमानाचाही भाग आहे. उबदार रात्री किरकिर जलद होते, थंडीत ती मंदावते. डिसेंबरमध्ये खोली शांत झाली म्हणून काम थांबवले, तर पुढच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तीच संख्या पुन्हा उभी राहते. म्हणून रातकिडे कमी झाले की नाही हे कानाने ठरवू नका. सापळ्यात किती सापडले ते मोजून ठरवा. सापळ्यांची माहिती पुढे दिली आहे.

वाढ कशी होते?

रातकिड्याला अळी आणि कोष अशा अवस्था नसतात. अंड्यातून निघणारे पिल्लू मोठ्या रातकिड्यासारखेच दिसते, फक्त आकाराने बारीक आणि बिनपंखांचे असते. कात टाकत टाकत ते वाढते. उबदार हवेत अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्लू दोन ते तीन महिन्यांत पूर्ण वाढते. अंड्यांना सतत ओल लागते. कोरड्या जागी ती सुकून मरतात.

फवारणी केल्यावर काही दिवस शांतता आणि पुन्हा त्रास, असे का होते याचे उत्तर इथे आहे. औषध उघड्यावर फिरणाऱ्या रातकिड्यांना लागते. भेगेच्या तळाशी आणि ओल्या मातीत असलेली अंडी सुरक्षित राहतात. दार-खिडक्यांच्या फटी तशाच असल्याने बाहेरूनही नवे येतात. म्हणजे खर्च झाला, घरात विष पसरले आणि महिन्याभरात स्थिती पूर्ववत.

नुकसान नेमके काय होते?

रातकिडा चावत नाही, रोग पसरवणारा कीटक म्हणूनही त्याची ओळख नाही. साठवलेल्या धान्याची ती मुख्य कीडही नाही. धान्याचे खरे शत्रू सोंडे, भुंगेरे, पतंग आणि उंदीर. रातकिडा मिळेल ते खातो: सांडलेला भरडा, पेंड, पीठ, मेलेले किडे, पालापाचोळा. मात्र संख्या वाढली की तो कपडे आणि कागदही कुरतडतो. घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेले कपडे, लोकरीची घोंगडी, रेशमी साडी, पुठ्ठ्याच्या खोक्यातली पुस्तके, सातबाऱ्याचे उतारे, पासबुके, बियाण्याच्या पावत्या यांना छिद्रे पडतात. महत्त्वाची कागदपत्रे जमिनीलगत ठेवू नका. झाकणाच्या पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा.

यापेक्षा मोठे नुकसान दोन बाबींचे आहे.

पहिली बाब धान्याची. रातकिड्यांना राहण्याजोगी ओल असलेल्या खोलीत धान्य सादळते. साठवणुकीच्या वेळी ज्वारी, गहू, मका यांतील ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आत हवा. तो वाढला की बुरशी धरते, सोंडे आणि भुंगेरे झपाट्याने वाढतात. भुईमूग आणि मका यांवर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते धुतल्याने किंवा शिजवल्याने पूर्ण जात नाही. सोयाबीनचे घरचे बियाणे तर ओल लागल्यावर बाहेरून बरे दिसते, पण उगवत नाही. ते पेरणीनंतर कळते, तेव्हा पाऊस आणि पैसा दोन्ही गेलेले असतात.

दुसरी बाब सापाची. रातकिडे, झुरळे वाढली की त्यांच्यामागे पाली, बेडूक येतात. बेडकांच्या आणि उंदरांच्या मागावर साप येऊ शकतो. मण्यार रात्रीच फिरते आणि पावसाळ्यात घरात शिरते. ज्या फटीतून रातकिडा येतो, त्याच फटीतून विंचू आणि सापाचे पिल्लूही येऊ शकते. म्हणून फटी बुजवण्याचे काम फक्त किरकिर थांबवण्यासाठी आहे असे समजू नका.

शेतीचे औषध घरात का नको?

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले. ती फवारणी उघड्या शेतात झाली होती, वारा वाहत होता. आता हेच औषध दोन खिडक्यांच्या खोलीत किंवा एकच झरोका असलेल्या तळघरात मारल्यावर काय होईल, याचा विचार करा. वाफ बाहेर जात नाही. फवारा पोत्यांवर, भांड्यांवर, फरशीवर बसतो. रांगणारे मूल त्या फरशीवर हात टेकते आणि हात तोंडात घालते.

शेतीसाठीचे कीटकनाशक पिकावर, मोकळ्या हवेत आणि काढणीपूर्वी ठरावीक दिवस सोडून वापरण्यासाठी नोंदणीकृत असते. घरात वापरायची उत्पादने वेगळी नोंदवली जातात. लेबलावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरवा त्रिकोण असला तरी ‘पिकासाठी’ असे लिहिलेले औषध घरात वापरायचे नाही.

पुढील चुका टाळा:

• जुन्या बाटल्या वापरू नका. डायक्लोरव्हॉस हे औषध पूर्वी घरातील किड्यांसाठी सर्रास वापरले जात असे. त्यावर आणि फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घरात जुना साठा असेल तर तो काढून वापरू नका, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. विल्हेवाटीसाठी सहायक कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्या.

• धान्याच्या धुरीकरणाच्या गोळ्या रातकिड्यांसाठी कधीही वापरू नका. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून हवेतील ओलाव्यामुळे फॉस्फीन वायू सुटतो. तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपेतच जीव घेऊ शकतो. या गोळ्यांचा वापर प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, माणसे राहत नसलेल्या जागीच करायचा असतो.

• बंद खोलीत कडुनिंबाच्या पाल्याची किंवा गोवऱ्यांची धुरी कोंडून ठेवू नका. कडबा, बारदान पेट घेऊ शकते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साईड जीवघेणा असतो.

• फरशीवर रॉकेल किंवा डिझेल पुसू नका. त्याचा वास धान्याला लागतो, आगीचा धोका राहतो आणि ओल तशीच राहते.

• घराला लागून रेशीम कीटक संगोपनगृह असेल तर घराच्या बाहेरच्या भिंतींवरही कीटकनाशक मारू नका. हाताला किंवा पाल्याला लागलेल्या अल्पशा अंशानेही रेशीम अळ्या मरतात.

ओल कुठून येते ते शोधा

भिंत ओली दिसते म्हणजे पाणी भिंतीतूनच येते असे नाही. ते जमिनीतून वर चढत असेल, बाहेरून झिरपत असेल किंवा हवेतील बाष्प थंड भिंतीवर जमत असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. त्यासाठी एक सोपी चाचणी करा.

साधारण दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा जाड कागद घ्या. खतांच्या गोणीच्या आतले स्वच्छ धुतलेले, वाळवलेले अस्तरही चालेल. तो फरशीवर आणि दुसरा तसाच तुकडा भिंतीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक ते दोन दिवसांनी पाहा.

• प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा खालची फरशी काळपट झाली, तर ओल जमिनीतून किंवा भिंतीतून येत आहे.

• आतली बाजू कोरडी आणि वरची बाजू ओलसर असेल, तर ओल खोलीतल्या हवेत आहे.

• दोन्ही बाजूंना ओल असेल, तर दोन्ही उपाय करावे लागतील. आधी बाहेरचे पाणी थांबवा.

धान्याचीही परीक्षा करा. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य घ्या, त्यात चमचाभर अगदी कोरडे, भाजून थंड केलेले मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा. पंधरा मिनिटांनी पाहा. मीठ बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून राहिले, तर धान्यात ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजा. असे धान्य उन्हात वाळवल्याशिवाय परत भरू नका. मीठ चिकटले नाही म्हणजे धान्य १२ टक्क्यांच्या आत आहे असे मात्र नाही. बियाण्यासाठी आर्द्रतामापकाने तपासून घेणेच चांगले.

बाहेरचे पाणी थांबवा

बहुतेक घरांत ओलीचे कारण घराबाहेर सापडते. पावसात एकदा छत्री घेऊन घराभोवती चक्कर मारा. पाणी कुठे पडते, कुठे साचते हे उन्हाळ्यात कळत नाही.

पागोळ्यांचे पाणी थेट भिंतीच्या पायात पडत असेल तर पत्र्याला किंवा कौलांना पन्हळ लावा आणि पाईपने पाणी दूर काढा. जोत्याभोवतीची जमीन भिंतीकडे उतरती असेल तर मुरूम टाकून तिचा उतार बाहेरच्या बाजूला करा. त्यावर फरशी किंवा सिमेंटचा पट्टा केला तर अधिक चांगले. मोरीचे, न्हाणीघराचे, भांडी घासण्याचे सांडपाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. ते पाईपने शोषखड्ड्यापर्यंत किंवा परसबागेपर्यंत न्या. गोठ्याची भिंत घराला लागून असेल तर गोमूत्राची नाली भिंतीपासून सुटी ठेवा.

सरपण, कडबा, कुटार, विटांची थप्पी आणि शेणखत भिंतीला टेकवून रचू नका. या ढिगांखालची ओलसर, अंधारी जागा म्हणजे रातकिड्यांची वसाहतच. ढीग भिंतीपासून दूर हलवा आणि शक्य तिथे जमिनीपासून उंच रचा. हलवताना उघड्या हाताने उचलू नका. खाली विंचू किंवा साप असू शकतो. पायात बूट आणि हातात जाड मोजे घाला, आधी काठीने हलवा, काम दिवसाच करा. भिंतीलगतचे गवतही कापून टाका.

आतली जागा कोरडी करा

पोती थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली लाकडी फळ्या, बांबूची चटई आणि त्यावर जाड प्लॅस्टिक टाका. भिंत आणि थप्पी यांत माणूस आडवा होऊन जाईल एवढी, म्हणजे दीड ते दोन फूट जागा सोडा. ही जागा झाडण्यासाठी आणि पाहणीसाठी लागते. पोत्यामागचा जो कोपरा वर्षभर कोणी पाहिलेला नसतो, रातकिडे तिथेच सापडतात. सोयाबीन बियाण्याच्या थप्पीत चार-पाच पोत्यांपेक्षा जास्त थर लावू नका.

तळघर असेल तर हवा खेळवण्याची वेळ पाळा. बाहेर झड लागलेली असताना झरोके उघडे ठेवले, तर बाहेरची दमट हवा आत येऊन थंड भिंतींवर बाष्प जमते. तळघर त्यामुळे अधिकच ओले होते. उघडीप मिळून ऊन पडले की झरोके उघडा, संध्याकाळी बंद करा. वीज असेल तर दुपारी काही तास हवा बाहेर फेकणारा पंखा लावा. तळघरात ओले कपडे वाळत घालू नका, ओले बारदान ठेवू नका. तळघरात दरवर्षी ओल येत असेल तर तिथे धान्य आणि बियाणे ठेवण्याचा विचारच सोडा. अवजारे ठेवा, धान्य वरच्या मजल्यावर न्या.

पीठ, भरडा, पेंड झाकणाच्या डब्यात ठेवा. सांडलेले रोज झाडा. पुठ्ठ्याची रिकामी खोकी, जुन्या गोण्या, फाटके कपडे काढून टाका. झाडलेला कचरा दाराबाहेरच टाकू नका.

फटी बुजवा, दिवा बदला

दाराखालची फट सर्वांत मोठी वाट असते. तिथून पेन्सिल आत सरकत असेल तर रातकिडाही सहज येतो. दाराच्या खालच्या कडेला रबरी पट्टी ठोका किंवा उंबरठा उंच करा. दगडी भिंतीच्या दरजा सिमेंटने भरा, मातीच्या भिंतीच्या भेगा चिकणमाती आणि गव्हाच्या काडाच्या गाऱ्याने लिंपा. पाईप भिंतीतून जिथे आत येतो तिथली पोकळी भरा. झरोक्यांना बारीक जाळी लावा. मोरीच्या तोंडाला जाळीचे झाकण ठेवा.

भेगा बुजवण्याआधी भिंत कोरडी होऊ द्या. ओल्या भिंतीवर केलेला गिलावा फुगून सुटतो आणि त्यामागे नवी पोकळी तयार होते. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये उरकणे उत्तम. पावसाळ्यात निदान दाराची पट्टी आणि झरोक्याची जाळी तरी लावा.

दाराबाहेरचा पांढरा प्रखर दिवा रात्रभर चालू असेल तर तो बांधावरचे रातकिडे घराकडे खेचतो. तिथे पिवळसर प्रकाशाचा दिवा लावा. उजेड लागतच असेल तर दिवा दारावर न लावता अंगणातल्या खांबावर, दारापासून दूर लावा.

राहिलेले रातकिडे पकडा

आधी त्यांची जागा शोधा. रातकिड्याला पावलांची हालचाल जमिनीतून जाणवते, म्हणून जवळ गेल्यावर तो गप्प होतो. रात्री दोघांनी खोलीच्या दोन कोपऱ्यांत दिवा न लावता स्तब्ध उभे राहावे. आवाज सुरू झाला की दोघांनी आपापल्या जागेवरून त्या दिशेला बोट दाखवावे आणि मग दिवा लावावा. दोन्ही दिशा जिथे मिळतात, तिथेच भेग किंवा ढीग सापडेल.

ओल्या गोणपाटाचा सापळा: संध्याकाळी गोणपाटाचा तुकडा भिजवून, पिळून, दुमडून कोपऱ्यात ठेवा. कोरड्या होत चाललेल्या खोलीत रातकिडे त्याखाली गोळा होतात. सकाळी लवकर तो बादलीवर झटका. खोलीत कोणतेही औषध मारलेले नसेल तर हे रातकिडे कोंबड्यांना खाऊ घालता येतात.

गुळाच्या पाण्याचा सापळा: एक लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम गूळ विरघळवा. आतून गुळगुळीत असलेल्या उभ्या बरणीत चौथाई भरेल एवढे हे पाणी घाला. बरणीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, म्हणजे रातकिडा वर चढू शकतो. आत पडल्यावर त्याला गुळगुळीत भिंतीवरून चढता येत नाही. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला. त्यात विष मिसळू नका.

चिकट सापळा: बाजारात मिळणारी चिकट पाटी भिंतीलगत, पोत्यांमागे ठेवा. मुले, मांजर, कोंबडीची पिल्ले पोहोचतील अशा जागी ठेवू नका.

चारही कोपऱ्यांत एकेक सापळा ठेवून दर आठवड्याला किती सापडले ते खडूने भिंतीवर तारखेसह लिहा. एकाच कोपऱ्यात सतत जास्त सापडत असतील तर ओल त्याच बाजूला आहे. पिल्ले सापडत असतील तर अंडी घरातच घातली जात आहेत. फक्त मोठे काळे रातकिडे सापडत असतील तर ते बाहेरून येत आहेत, तेव्हा दार आणि दिव्याकडे लक्ष द्या.

किती दिवस चालू ठेवायचे?

अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास दोन-तीन महिने लागतात, म्हणून आठ-दहा आठवड्यांची तयारी ठेवा. पहिल्या आठवड्यात प्लॅस्टिकची चाचणी, धान्याची मिठाची परीक्षा आणि सापळे लावा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाहेरचे पाणी वळवा, ढीग हलवा, पोती भिंतीपासून सोडवा. त्यानंतर जागा कोरडी होत जाईल तशा फटी बुजवा. सापळे मात्र शेवटपर्यंत चालू ठेवा. ओल हटली असेल तर भिंतीवरचे आकडे हळूहळू उतरताना दिसतील. आकडे उतरत नसतील तर ओलीचा एखादा मार्ग राहिला आहे. तो शोधण्यासाठी प्लॅस्टिकची चाचणी दुसऱ्या जागी करा.

एवढे करूनही संख्या फारच असेल तर घरगुती वापरासाठी नोंदणीकृत उत्पादन, लेबलवर लिहिल्याप्रमाणे, फक्त भेगांपुरते वापरा किंवा परवानाधारक कीड नियंत्रण सेवेकडून काम करून घ्या. त्यांना आधीच सांगा की खोलीत धान्य आहे. धान्य, भांडी, पाणी बाहेर काढा. सांगितलेला वेळ होईपर्यंत मुलांना आणि जनावरांना आत जाऊ देऊ नका. रिकाम्या गोदामाच्या भिंतींसाठी शिफारस असलेली औषधे माणसे झोपतात त्या घरात वापरू नका.

औषध घरात मारले गेले असेल आणि कोणाला मळमळ, जास्त घाम, लाळ, डोळ्यांत पाणी, अंधूक दिसणे, धाप किंवा चक्कर असा त्रास होत असेल, तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा. कपडे बदला, अंग साबण-पाण्याने धुवा. मनाने उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा लेबल डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्या.

सहायक कृषी अधिकारी आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

‘रातकिड्यांना कोणते औषध?’ असा प्रश्न आला की औषधाचे नाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारा. त्या खोलीत धान्य किंवा बियाणे आहे का? घराचे सांडपाणी कुठे जाते? आधी काही फवारले आहे का? पहिल्या प्रश्नातून धान्य तपासण्याची संधी मिळते, दुसऱ्यातून ओलीचा उगम कळतो आणि तिसऱ्यातून घरातील बेकायदा किंवा जुना साठा कळतो. गावबैठकीत मिठाची परीक्षा करून दाखवा, ती पाच रुपयांतही होते. सोयाबीनचे घरचे बियाणे असेल तर पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासायला सांगा. ७० किंवा त्याहून अधिक चांगले कोंब आले तर बियाणे पेरणीयोग्य.

शेतात, बांधावर रातकिडे दिसले तर मात्र घाबरून जाऊ नका. ते तणांचे बी आणि काही किडींची अंडीही खातात. रोपवाटिकेत कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडलेली दिसली तरच तिथे लक्ष द्या. घरातल्या रातकिड्यांसाठी आज संध्याकाळी एवढेच करा: प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर चिकटवा आणि एक पोते भिंतीपासून ओढून त्यामागे बॅटरी मारून पाहा. पुढचे काम तुम्हाला तिथेच दिसेल.